जुनी होडी, नवा रंग

आजऱ्याला समुद्र नाही. आमची हिरण्यकेशी उगम पावते आंबोलीला, कोकणच्या अगदी उंबरठ्यावर. पण समुद्राकडे पाठ फिरवून ती पूर्वेला वळते आणि रामतीर्थावरून पुढे घटप्रभेला जाऊन मिळते. त्यामुळे होडी ही वस्तू आमच्या घरात पुस्तकातल्या चित्रापुरतीच होती. मराठीच्या तासाला होडी, उर्दूच्या तासाला कश्ती. तीन वर्षांपूर्वी मात्र खरीखुरी होडी आमच्या आपाच्या अंगणात येऊन उभी राहिली आणि तिने आम्हाला जे शिकवलं, ते बीएडला कोणी शिकवलं नव्हतं.

चित्रीसारखी धरणं झाल्यापासून आमच्या तालुक्यात मासेमारी हाही पोटापाण्याचा धंदा झाला आहे. धरणात मासे धरण्याचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने सहकारी संस्थेला देतो आणि संस्थेचे सभासद जाळी टाकतात. कटला, रोहू, मृगळ मिळतात. आमचा भाचा अशाच एका संस्थेचा सभासद. होडी नसल्यामुळे तो थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पहाटे पाण्यात जायचा. आपा विधवा, हा एकुलता एक. तो परत येईपर्यंत ती मुसल्ल्यावरून उठत नसे. शेवटी तिने दोन बांगड्या मोडल्या आणि म्हणाली, "जुनी का होईना, पण होडी घे."

मे महिन्याच्या अखेरीस आंबोली घाट उतरून सावंतवाडीमार्गे आम्ही वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका गावी गेलो. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या. काहींवर नारळाच्या झापांचं शाकार चढलं होतं. आमची होडी सोळा फुटी, फायबरची, मागे टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन. निळा रंग नुकताच मारलेला, बोट लावलं तर चिकटेल असा. भाचा म्हणाला, "खाला, तुम्ही कागद बघा, मी होडी बघतो." आम्ही कागद बघितले आणि त्याने रंग बघितला. ८५ हजारांत सौदा झाला. होडी टेंपोत चढवून आम्ही घाट चढलो, तेव्हा धुक्यातही तो निळा रंग चमकत होता.

पहिला पावसाळा होडी अंगणात काढली. दिवाळीनंतर एका सकाळी भाचा धरणाच्या पलीकडच्या काठाला असताना इंजिन हादरू लागलं. मागे वळून बघतो तर ज्या फळीवर इंजिन कसलेलं असतं, ती मागची फळीच बाहेरच्या बाजूला वाकत होती. त्याने इंजिन बंद केलं, दोरीने बांधून ठेवलं आणि वल्ही मारत तास-दीड तासाने काठ गाठला. अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. घरी येऊन त्याने आईला काही सांगितलं नाही, आम्हाला सांगितलं.

रत्नागिरीच्या राजिवड्यात आमच्या फुफींचं सासर. तिथल्या आणि मिरकरवाड्याच्या दालदी मुसलमानांच्या कित्येक पिढ्या दर्यावर गेल्या. फुफांना फोन केला तर ते चौथ्या दिवशी स्वतःच आले. त्यांनी रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातल्या पेचकसाची मूठ उलटी धरली आणि मागच्या फळीवर ठोकत गेले. कडेला आवाज खणखणीत येत होता. मधोमध, इंजिनाच्या बोल्टांजवळ, भद्द आवाज आला. आठवडी बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो. ८५ हजारांची होडी घेताना आम्हाला ते सुचलं नव्हतं.

फुफांनी समजावून सांगितलं ते असं. फायबरच्या होडीची मागची फळी पुष्कळदा आतून प्लायवूडची असते, वरून फायबरचं कातडं. आधीच्या मालकाने कधीतरी इंजिन बदललं, नवी भोकं पाडली आणि जुनी नीट बुजवली नाहीत. त्या भोकांतून पाणी आत गेलं आणि प्लाय कुजली. आम्ही म्हणालो, "खाऱ्या पाण्याने कुजली असेल." ते हसले. "खारं पाणी लाकूड इतकं कुजवत नाही. समुद्रातला किडा पोखरतो ते वेगळं. कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. तुम्ही होडी आजऱ्याच्या पावसात उघडी ठेवलीत, तळाचं बूच न काढता. ती आत भरली आणि तशीच उभी राहिली." म्हणजे निम्मा दोष विकणाऱ्याचा, निम्मा आमचा.

फळी आतल्या बाजूने कापून काढली. आतून निघालं ते लाकूड नव्हतं, चहात बुडवून विसरलेला पाव होता. आठ दिवस सुकवून ७१० ग्रेडची मरीन प्लाय बसवली, वर रेझीन आणि फायबरची मॅट, जुनी भोकं रेझीनने बंद, नवे बोल्ट सीलंट लावून. चौदा हजार खर्च आला. विकणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "जुनी वस्तू आहे, बघून घ्यायची असते." शरीअतमध्ये लपवलेला दोष नंतर उघड झाला तर सौदा मोडण्याचा हक्क खरेदीदाराला असतो, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. पण तो हक्क बजावायला आम्ही फार उशीर केला होता.

आमच्यासारख्या घरातलं कोणी जुनी होडी बघायला निघालं असेल, तर फुफांनी शिकवलेलं इथे देतो. होडी कोरडी असताना खालून बघावी आणि पाण्यात असतानाही बघावी. एकच करून चालत नाही. कोरड्यावर ठोकून ऐकावं, फायबरवर फोड आले आहेत का, तडे आहेत का ते बघावं. ताजा रंग दिसला तर का मारला ते विचारावं. मागे इंजिनावर थोडा भार देऊन फळी हलते का बघावं. तळावर चालून बघावं. पाय दबला तर खालचं लाकूड गेलं समजा. तळाखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. त्यात पाणी मुरलं की होडी जड होते आणि पाण्यात जास्त बुडून चालते. हा दोष डोळ्यांना दिसत नाही. होडी उचलताना किंवा पाण्यात सोडल्यावरच कळतो.

इंजिन थंड असताना सुरू करायला सांगावं. आपण पोहोचण्याआधीच ते गरम करून ठेवलं असेल तर संशय घ्यावा. चालू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. ती नसेल तर आतला रबरी पंखा गेलेला असतो आणि इंजिन तापून बसतं. खालच्या गिअरचं तेल थोडं सोडून बघावं. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलं आहे. पुष्कळदा जाळ्याचा नायलॉन दोरा पंख्यामागे गुंडाळला जातो आणि तिथलं सील कापतो. म्हणून पंखा अधूनमधून काढून दोरा साफ करावा. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये तेल मिसळतात, बहुधा ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. पण आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत जे लिहिलं असेल तेच खरं. समुद्रावर वापरलं तर दर वेळी गोड्या पाण्याने आतून धुवावं. महिनाभर वापरायचं नसेल तर पेट्रोल काढून ठेवावं, नाहीतर कार्बोरेटरमध्ये चिकटा बसतो. पावसाळ्यात बूच काढून, नाळ उंच ठेवून, ताडपत्रीखाली वारा खेळेल अशी होडी ठेवावी.

कागदांत नोंदणी विकणाऱ्याच्याच नावावर आहे का, आणि ती आपल्या नावावर होऊ शकते का, हे पैसे देण्याआधी विचारावं. धरणासाठी संस्थेची आणि पाटबंधारे खात्याची परवानगी वेगळी लागते. आणि लाइफ जॅकेट. ते जुनं घेऊ नये.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी भाच्याला दोन मित्रांबरोबर मोठ्या होडीत भागी मिळत होती, म्हणून ही विकायला काढली. फळी आता पक्की होती, पण तळाखालचा फोम पहिल्या पावसाळ्यातच पाणी प्यायला होता आणि तो काही सुकला नव्हता. भाच्याने रंग मारला. निळाच. दुसऱ्या तालुक्यातला एक मच्छीमार आला, होडी अंगणातच बघितली आणि ८० हजार बोलला. भाचा आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "खाला, त्याने फोमचं विचारलंच नाही. आपल्याला तरी कुणी सांगितलं होतं?"

आम्हाला ती हदीस आठवली. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर आतून ओलं लागलं. पाऊस लागला, असं विक्रेता म्हणाला. मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विचारलं आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असं सांगितलं. त्याच्या धान्याला पाऊस लागला होता, आमच्या होडीलाही पाऊसच लागला होता. पाऊस लागणं हा गुन्हा नव्हे. गुन्हा तो झाकण्याचा. जुम्म्याला आपण सूरह कहफ वाचतो. त्यात हजरत खिज्र गरिबांच्या होडीला मुद्दाम दोष लावतात, कारण पुढे एक राजा चांगल्या होड्या हिसकावत असतो. तिथला अरबी शब्द 'ऐब' याच धातूतला आहे. दिसणाऱ्या ऐबाने ती होडी वाचली. न दिसणारा ऐब माणसाला बुडवतो.

आम्ही त्या माणसाला होडी थोडी उचलायला सांगितली आणि वजन का आहे ते सांगितलं. तो गप्प झाला, मग ६० म्हणाला. वीस हजार गेले.

रात्री आपा आमच्याशी बोलत नव्हती. शेवटी एवढंच म्हणाली, "तुझा पगार एक तारखेला होतो. खरं बोलणं तुला परवडतं." त्यावर आमच्याकडे हदीस नव्हती. ती चुकीचं बोलत नव्हती. सल्ला आमचा आणि बांगड्या तिच्या, हा सौदाही काही फार स्वच्छ नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही दहा हजार तिच्या हातात ठेवले. तिने आधी नाही म्हटलं, मग ओढणीच्या टोकाला बांधले. दुसऱ्याला ईमानदारीचा उपदेश करणाऱ्याने नुकसानीतही भागी घ्यावी, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. आजही आपा कधीकधी त्या वीस हजारांचा विषय काढते. काढू दे.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा असा कुरआनचा आदेश आहे, तोच धडा घेऊन हा कागद आम्हीच लिहिला: होडी सोळा फुटी, मागची फळी नवी, इंजिन चालू, तळाखालच्या फोममध्ये पाणी आहे, ते घेणाऱ्याला दाखवलं आहे. खाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. शाळेत आम्ही आजवर शेकडो दाखले लिहिले. दोष लिहिलेला हा पहिलाच.