नाशिक-पुणे रेल्वे : खोडदच्या दुर्बिणीला एवढी शांतता का लागते?

सातपूर : औद्योगिक वसाहतीत नाशिक-पुणे रेल्वेचा विषय निघाला की आता खोडदच्या दुर्बिणीचेही नाव निघते. जुन्नर तालुक्यातील ‘जीएमआरटी’ला अडथळा येईल, असे कारण देत रेल्वेने संगमनेर-नारायणगावचा सरळ मार्ग बाजूला ठेवला आणि शिर्डीमार्गे पर्याय पुढे आणला. तारे बघायला आमची गाडी का अडवता, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्याला उत्तर आहे आणि ते थेट विश्वाच्या जन्मापर्यंत जाते.

ही दुर्बीण प्रकाश पाहत नाही, रेडिओ लहरी टिपते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात उभ्या आहेत. जागेची निवडच तिथल्या कमी रेडिओ गोंगाटामुळे झाली.

विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. महास्फोटानंतर साधारण ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व पुरेसे थंड झाले आणि हायड्रोजनचे अणू तयार झाले. तारे तेव्हा नव्हतेच. हा हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे १४२० मेगाहर्ट्झची क्षीण लहर सोडतो. विश्व प्रसरण पावत असल्याने ती वाटेत ताणली जाते. जीएमआरटीने टिपलेली अशी एक लहर २०२३ मध्ये जाहीर झाली. ती ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाली होती आणि इथे पोहोचेपर्यंत ४८ सेंटिमीटरची झाली होती. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तिची तीव्रता सुमारे ३० पट वाढवली, म्हणून ती सापडली! पहिल्या ताऱ्यांच्या काळातली लहर तर याहून किती तरी क्षीण. तिचा शोध सुरूच आहे.

आता रेल्वे. वेल्डिंगचा आर्क पेटला की शेजारचा रेडिओ खरखरतो, हे सातपूरच्या कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याला माहीत आहे. विजेच्या गाडीचा पँटोग्राफ तारेला घासताना अशाच ठिणग्या उडतात. त्यात गाडीतले शेकडो मोबाइल. या खरखरीत अब्जावधी वर्षांची कुजबुज बुडून जाते.

म्हणून दुर्बिणीला शत्रू ठरवणे चूक आहे. पण ‘दुर्बीण आहे’ एवढ्यावर चर्चा संपवणेही तितकेच चूक. किती अंतरावर किती गोंगाट पोहोचतो, मधला डोंगर किंवा बोगदा त्यातला किती अडवतो, हे मोजता येते. रेल्वे आणि जीएमआरटीने ही मोजमापे सोप्या मराठीत नाशिककरांपुढे ठेवावीत आणि मगच मार्गावर शिक्का मारावा.