शेवटच्या बाकावरचे मूल आणि शासनाचे नवे निर्णय

गेल्या काही वर्षांत दिव्यांग बालकांच्या शिक्षणासंबंधी न्यायालयाचे आदेश, केंद्राच्या अधिसूचना आणि राज्याचे शासन निर्णय एकामागून एक निघाले. त्यांच्या प्रती शाळांच्या दप्तरी दाखल झाल्या, त्यांवर आवक क्रमांकही पडले. त्या किती जणांनी वाचल्या, हे आम्ही विचारणार नाही. आम्हांस विचारावयाचे आहे ते हे की, फुले-शाहू-आंबेडकरी विचाराने चालणाऱ्या आपल्या शिक्षणसंस्थांनी या निर्णयांकडे आपल्या घरचा विषय म्हणून कधी पाहिले आहे काय? आमच्या मते पाहिलेले नाही. दिव्यांगांचे शिक्षण म्हणजे कोणा दुसऱ्या खात्याचे, दुसऱ्या शाळेचे आणि दुसऱ्या प्रकारच्या मुलांचे काम, अशी समजूत आपल्यातही रुजली आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या समजुतीविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम झाले काय ते पाहू. रजनीशकुमार पांडे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी निकाल दिला. प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक व माध्यमिक स्तरावर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण न्यायालयाने घालून दिले. २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे हे प्रमाण स्वीकारले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. समग्र शिक्षा अभियानात वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या विशेष शिक्षकांना त्यामुळे प्रथमच स्थैर्याची आशा दिसली. पुढे ७ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सर्व राज्यांना खडसावले आणि तीन आठवड्यांत आवश्यक पदांची संख्या निश्चित करून ती अधिसूचित करण्यास सांगितले.

हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु थोडा भागाकार करून पाहावा. राज्यातील सर्व व्यवस्थापनांच्या शाळांची संख्या एक लाखाच्या वर आहे. ४,८६० शिक्षकांत ती वाटली, तर एकेका शिक्षकाच्या वाट्याला वीसहून अधिक शाळा येतात. महिन्याचे कामाचे दिवस धरले तर एका शाळेला महिन्यातून एक दिवस, तोही बैठका, प्रशिक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून उरला तर! ब्रेल शिकणाऱ्या किंवा बोट धरून अक्षर गिरवणाऱ्या मुलाला महिन्यातून एकदा भेटणारा शिक्षक कितपत पुरेल? न्यायालयाने प्रमाण मुलांवरून मोजले आहे, आपल्याकडे पद केंद्रावरून मोजले गेले. या दोन मोजमापांतील अंतरात जी मुले उभी आहेत, त्यांच्याविषयी हा लेख आहे.

ही मुले कोण? दिव्यांग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंध, कर्णबधिर किंवा कुबडी घेतलेले मूल उभे राहते. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीस केले आणि त्यांत स्वमग्नता, वाचादोष, सिकलसेल, थॅलेसेमिया आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश केला. अध्ययन अक्षमता असलेले मूल वरून पाहता इतर मुलांसारखेच दिसते. ते बोलते चांगले, खेळते चांगले, हिशेबही तोंडी करते, परंतु अक्षरांची ओळ त्याच्या डोळ्यांपुढे स्थिर राहत नाही. अशा मुलाला शाळेत नाव मिळते ‘मठ्ठ’.

कुर्ल्यात अध्यापन करताना असा एक मुलगा आमच्या वर्गात होता. त्रिसरण-पंचशील, बुद्धवंदना, भीमगीते त्याला एकदा ऐकून पाठ होत. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात संपूर्ण निवेदन त्याने कागदाशिवाय केले होते. आणि सहावीच्या पुस्तकातील तीन ओळी वाचताना त्याला घाम फुटे. त्याची आई घरकाम करीत असे. तपासणी करून घ्या असे आम्ही सुचवले, तेव्हा त्या माउलीचा पहिला प्रश्न होता, “सर, किती खाडे पडतील?” खाडे बरेच पडले. एका रुग्णालयाने तारीख दिली, त्या तारखेला तज्ज्ञ रजेवर होते. पुढच्या तारखेला शाळेच्या पत्रावरील शिक्का पुसट असल्याचे कारण निघाले. तिसऱ्या वेळी ती गेलीच नाही. पोटापुढे प्रमाणपत्र हरले, आणि तिला दोष देण्याचा अधिकार कोणाला आहे? राज्य मंडळाच्या परीक्षेत अध्ययन अक्षम विद्यार्थ्याला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, काही विषयांत पर्याय मिळतात. या सवलती घेण्याची वाट इंग्रजी माध्यमातील सुखवस्तू पालकांना बिनचूक ठाऊक असते. नेहरूनगरच्या चाळीतल्या किंवा कसाईवाड्याच्या गल्लीतल्या पालकाला अशी वाट आहे, हेच कोणी सांगत नाही. सायनचे लोकमान्य टिळक रुग्णालय कुर्ल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि तेथे अध्ययन अक्षमतेसाठी स्वतंत्र विभाग आहे, हे तरी आपल्यापैकी किती शिक्षकांना माहीत आहे?

येथे कोणी म्हणेल की, आधीच आपल्या मुलांवर शिक्के थोडे आहेत का, की आणखी एक शिक्का मारून घ्यायचा? ही शंका आम्ही हलकी मानत नाही. ती इतिहासाने आपल्याला दिलेली आहे. साताऱ्याच्या शाळेत बालवयातील बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. ‘वेगळे बसवणे’ या क्रियापदाचा अर्थ आपल्या समाजाला शब्दकोशात शोधावा लागत नाही.

जगातील इतर वंचितांचाही अनुभव असाच आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात बुद्ध्यंक चाचणीच्या आधारे कृष्णवर्णीय मुलांना मोठ्या प्रमाणात मतिमंदांच्या वर्गांत टाकले जात असे. १९७९ मध्ये लॅरी पी. खटल्यात न्यायालयाने तो प्रकार भेदभावाचा ठरवला. युरोपात रोमा समाजाच्या मुलांचे तेच झाले. झेक प्रजासत्ताकाविरुद्ध २००७ मध्ये आणि हंगेरीविरुद्ध २०१३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिले. धडधाकट रोमा मुलांना बौद्धिक अक्षम ठरवून विशेष शाळांत पाठवण्याची रीत त्या निकालांतून जगासमोर आली. याच हंगेरीत शायोकाझा या खेड्यात काही रोमा तरुणांनी बाबासाहेबांचे विचार वाचले, बौद्ध धम्म स्वीकारला आणि डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा काढली. ज्यांची मुले चुकीच्या शिक्क्याने शाळेबाहेर फेकली जात होती, त्यांना आधार वाटला तो आपल्या बापाचा! आपल्या संस्थेच्या बांधवांनी त्या शाळेशी पत्रव्यवहार करावा, असे आम्हांस फार दिवसांपासून वाटते. असो.

म्हणजे धोके दोन आहेत. ज्याला मदतीची गरज आहे ते मूल न ओळखले जाणे हा एक, आणि ज्याची भाषा, भूक किंवा गैरहजेरी ही अडचण आहे त्याला अक्षम ठरवून बाजूला सारणे हा दुसरा. दोन्ही धोक्यांवर उपाय एकच आहे, तो म्हणजे मुलाच्या मातृभाषेत, प्रशिक्षित व्यक्तीने, वेळ देऊन केलेली तपासणी. त्यासाठी साधनेही आता आली आहेत. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये भारतीय भाषांसाठी डिस्लेक्सियाची जी चाचणी तयार केली, ती मराठीतही आहे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ ही प्राथमिक पडताळणीची सूची आणली. तिचा पहिला भाग वर्गशिक्षकानेच भरावयाचा आहे. सूची म्हणजे निदान नव्हे, हे मात्र वर्गशिक्षकाने कायम ध्यानी ठेवावे. मोबाइलवर चार खुणा करून मुलाचे भवितव्य ठरवणारा शिक्षक हा जुन्या ‘मठ्ठ’ म्हणणाऱ्या गुरुजींचाच नवा अवतार होय.

विशेष वागणूक म्हणजे मेहेरबानी, असा सूर अजूनही शिक्षकांच्या खोलीत ऐकू येतो. तो सूर आंबेडकरी शिक्षकाच्या तोंडी तरी शोभत नाही. १८८२ मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगासमोर निवेदन देऊन बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची सक्ती मागितली. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात ती अमलात आणली. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी जो युक्तिवाद केला, त्याचा आशय असा होता की, विषम पातळीवर असलेल्यांना समान वागणूक दिल्याने समता येत नाही. जे खाली आहेत त्यांना अधिक द्यावे लागते. आरक्षणाच्या समर्थनार्थ आपण हा युक्तिवाद शंभरदा मांडतो. तोच अंध मुलाच्या ब्रेल पुस्तकाला आणि अध्ययन अक्षम मुलीच्या जादा वीस मिनिटांना लागू करताना आपली जीभ का अडखळावी? अमेरिकेत तर हा धागा सरळ जोडता येतो. १९५४ मध्ये ब्राउन खटल्यात काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. पुढे दिव्यांग मुलांच्या पालकांनी त्याच निकालाचा आधार घेऊन न्यायालये गाठली आणि १९७५ मध्ये प्रत्येक दिव्यांग मुलाला सार्वजनिक शाळेत शिकण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र शिक्षण आराखडा करण्याची पद्धत त्या कायद्याने रूढ केली.

स्वतंत्र आराखडा ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. चूळपंथक नावाच्या भिक्षूला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला विहारातून निघून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला परत बोलावले, गाथा बाजूला ठेवली आणि हाती एक स्वच्छ वस्त्र देऊन ते चोळत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले आणि अनित्यतेचा अर्थ त्याला हातांनी कळला. कथेतील चमत्काराचा भाग सोडून देऊ. शिक्षकाने विद्यार्थ्याला सोडले नाही, साधन बदलले, एवढे आमच्या कामाचे आहे. बाहेर काढणारा महापंथकही विद्वानच होता, हेही विसरू नये!

आता निवासी शाळांची विशिष्ट अडचण. साधारण शाळेतील दिव्यांग मूल शालेय शिक्षण विभागाकडे येते. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत, जो डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र झाला. मागासवर्गीयांची वसतिगृहे आणि आश्रमशाळा आणखी निराळ्या विभागांकडे. एकाच मुलाची जात एका खात्यात, अपंगत्व दुसऱ्या खात्यात आणि हजेरी तिसऱ्या खात्यात! केंद्रस्तरावरील विशेष शिक्षकाच्या भेटींच्या यादीत आपल्यासारख्या संस्थेचे नाव आपोआप येईल, या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही. यूडायसच्या माहितीत विशेष गरजा असलेल्या मुलांचा रकाना शून्य भरून पाठवणाऱ्या शाळा आम्ही पाहिल्या आहेत. शून्य भरले की शिक्षक शून्य, साहित्य शून्य आणि समग्र शिक्षेतून प्रतिमूल वार्षिक ३,५०० रुपयांपर्यंतची जी तरतूद आहे तीही शून्य.

२०२३-२४ पासून राज्यात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. अनुत्तीर्ण मुलाला पुनर्परीक्षा, आणि तीतही अपयश आले तर त्याच वर्गात पुन्हा बसणे. न ओळखलेल्या अध्ययन अक्षमतेचे मूल या चाळणीत प्रथम अडकणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. पाचवीला अडकलेले मूल सातवीपर्यंत शाळेत टिकत नाही. कुर्ल्यात ते गॅरेजवर किंवा भंगाराच्या गाळ्यात दिसू लागते.

आपल्या स्मरणिकांची पाने चाळली की अधिकारी, डॉक्टर, अभियंते झालेल्या माजी विद्यार्थ्यांची छायाचित्रे दिसतात. त्यांचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु ‘अभ्यासात कच्चा’ असा शेरा घेऊन मधूनच घरी गेलेल्यांची यादी कोणत्याही संस्थेने आजवर छापलेली नाही. ती छापावी असे आमचे म्हणणे नाही. ती संस्थेने स्वतःसाठी तयार करावी आणि त्यांतील किती मुलांची दृष्टी, श्रवण व वाचन यांची तपासणी झाली होती, हे जुन्या रजिस्टरात पाहावे.

निवासी शाळेला एक गोष्ट अनुकूल आहे. मूल येथे चोवीस तास डोळ्यांसमोर असते. वर्गात गप्प बसणारी मुलगी वसतिगृहात कोणत्या कानाने हाक ऐकते, अंधार पडल्यावर कोण भिंत चाचपत चालतो, अभ्यासिकेत पुस्तक उघडून कोण तासभर एकाच पानावर असतो, हे अधीक्षकांना आणि स्वयंपाकघरातील मावशींना शिक्षकांच्या आधी कळते. बांद्रा येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था १९८३ पासून आहे. तेथील किंवा महापालिकेतील तज्ज्ञांना जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शाळेत पाचारण करावे. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलाची डोळ्यांची व कानांची तपासणी व्हावी. तिसरी-चौथीत वाचनाची पडताळणी व्हावी, कारण अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळू शकते आणि तेव्हापासून परीक्षेपर्यंत पुरेसा अवधी हाती राहतो. पालकाचा रोज बुडणार असेल, तर मुलाला रुग्णालयात नेण्याचे काम संस्थेच्या शिक्षकाने कर्तव्यरजेवर करावे आणि त्याचा प्रवासखर्च संस्थेने द्यावा.

आणि एल विभागाच्या शिक्षणाधिकाऱ्यांना संस्थेच्या शिक्क्यानिशी एक पत्र जावे : आमच्या शाळेत इतकी मुले आहेत, त्यांपैकी इतक्यांना विशेष शिक्षकाची गरज आहे, भेटीचा दिवस कळवावा. पत्राची पोच घेऊन ठेवावी. उत्तर न आल्यास महिन्याने दुसरे पत्र जावे, त्यासोबत ७ मार्च २०२५ च्या आदेशाची प्रत जोडावी. पत्राचा मसुदा आम्ही तयार ठेवला आहे. ज्या संस्थेस हवा असेल तिने मागून घ्यावा.