शांत झाला, की गप्प झाला?

लखनौला गेलात तर चिकनकारी आणि कबाबांसाठी चौकात जालच. तिथून जवळच नक्खास आहे. या शब्दाचा मूळ अर्थच गुराघोड्यांचा बाजार. कबुतरबाजी हा या जुन्या शहराचा नवाबी काळापासूनचा शौक. मुरलेला कबुतरबाज पक्षी कसा धरतो, ते पाहण्यासारखे असते. पाय दोन बोटांच्या बेचक्यात, अंगठा पंखांवर, छातीला दुसऱ्या तळव्याचा आधार. पकड घट्ट नाही, ढिलीही नाही. पक्ष्याची फडफड थांबते.

याच शहरात बटेरही झुंजवले जात. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौवरच्या आपल्या लेखनात त्यांच्या तयारीचे वर्णन केले आहे. रानातून आणलेला बटेर भिजवून तासन्‌तास मुठीत धरायचा, रात्री जागवायचा. हळूहळू त्याचे बिथरणे थांबे. पण तो विश्वास होता, की थकवा?

हाच प्रश्न आज प्राण्यांवरच्या ऊर्जा-उपचारांना विचारायला हवा. जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी १९२२च्या सुमारास सुरू केलेली रेकी आता कुत्री, मांजरे, घोडे यांनाही दिली जाते. हातांतून वाहणारी ही ऊर्जा कोणत्याही यंत्राने मोजता आलेली नाही. स्पर्शाचा परिणाम मात्र मोजता येतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांची मान जिथे पाठीला मिळते तिथे खाजवल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावलेले आढळले. घोडे एकमेकांना खाजवतात तीच ही जागा. आपल्याकडेही पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप किंवा लोणी लावून ते चोळतात.

घरच्या प्राण्यावर हा प्रयोग असा करून पाहा:

१. आधी स्वतः शांत बसा. मोबाइल बाजूला ठेवा, श्वास संथ होऊ द्या.

२. प्राण्याच्या शेजारी, थोडे तिरके बसा. समोरून वाकू नका, डोळे रोखू नका.

३. हात पुढे करा आणि थांबा. तो जवळ आला तरच छातीवर किंवा खांद्यावर तळवा ठेवा. डोक्यापासून सुरुवात नको.

४. चार-पाच सेकंदांनी हात काढून घ्या. तो पुन्हा टेकला, तर त्याला हवे आहे. दूर गेला, तर जाऊ द्या.

ही चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची. नुसते स्तब्ध राहणे म्हणजे आराम नव्हे. ससा भीतीने गोठतो. मांजर वेदनेतही गुरगुरते. कुत्रा ओठांवरून जीभ फिरवत असेल, उगाच जांभया देत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत असेल, तर तो अस्वस्थ आहे. अंग सैल पडणे, डोळे अर्धे मिटणे, लांब श्वास सोडणे आणि आपणहून जवळ येणे, ही खरी लक्षणे. घरातल्या मुलांना हे आवर्जून शिकवा; अनेक चावे टळतील.

या उपचाराची मर्यादाही ओळखा. बोक्याची लघवी अडली, गाईचे पोट फुगले, घोडा पोटदुखीने लोळू लागला, तर हात ठेवून वाट पाहत बसू नका. अशा वेळी काही तासही जिवावर बेततात. आधी पशुवैद्य बोलवा. ते येईपर्यंत आणि उपचार चालू असताना तुमचा स्थिर हात नक्की कामी येईल. सुई टोचताना ओळखीचा माणूस शेजारी असला, की बरेच प्राणी कमी धडपडतात.

प्राण्यांना झुंजवणे हा आता १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. बटेराला मुठीतून सुटता येत नव्हते. तुमच्या घरच्या मुक्या जिवाला मात्र उठून जाण्याची मोकळीक द्या. मग तो थांबला, तर ते थांबणे त्याचे स्वतःचे असेल.