जुनी नौका घेताना

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात यांत्रिक नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. जुनी नौका पारखण्यास हाच काळ उत्तम, ही समजूत अर्धीच खरी आहे. तळ, शाफ्ट, पंखा उघडे दिसतात. फायबरच्या तळावर हलके ठोकता बद्द आवाज आला, तर आतील थर सुटल्याचा संशय घ्यावा. परंतु इंजिनाची परीक्षा समुद्रातच होते. किनाऱ्यावर क्षणभर सुरळीत चालणारे यंत्र पूर्ण भारावर तापू लागते. म्हणून सागरी चाचणीपर्यंत काही रक्कम राखून ठेवण्याची अट करारातच असावी, असे माझे मत आहे. कर्जप्रस्तावात खरेदीची किंमत असते, दुरुस्तीचे अंदाजपत्रक क्वचितच. इंजिन उघडल्यावर तो पैसा सावकाराकडून येतो आणि बँकेचा पहिलाच हप्ता थकतो.