भिंत शेजाऱ्याची, पाणी आपल्या दारात

मैत्रिणींनो, आमच्या मुरुडात गल्लीतली भांडणं कशावरून होतात विचाराल, तर एक नालीवरून आणि दुसरं कंपाउंडवरून. बरेचदा दोन्ही एकच असतं.

गावठाणाबाहेरच्या प्लॉटिंगमधल्या एका ताईंचंच बघा. मालक जाऊन चार वर्षं झालेली. शेजारच्यांचा मुलगा दिवाळीला पुण्याहून आला आणि आठ दिवसांत कंपाउंड उभं राहिलं. मोजमाप काय, तर टेप लावला आणि "नमुना आठला तीस फूट लिहिलंय" म्हणाले. भिंत फूटभर इकडे सरकली, न्हाणीचं पाणी जायची नाली अडली. ताई रोज त्या साचलेल्या पाण्यात उभ्या राहून भांडी घासायच्या. बोलायला गेल्या तर उत्तर आलं, "तुमच्या घरात कुणी बाप्या माणूस असंल तर पाठवा."

मी विचारलं, कागद कुणाच्या नावावर? प्लॉटही आणि घरही अजून मालकांच्याच नावावर! वारस नोंद केलेलीच नाही. मग मोजणीचा अर्ज तरी कोण देणार? आधी तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीत नोंद, मग मोजणी. यातच पावसाळा गेला.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नमुना ८ हा घरपट्टीचा कागद आहे. त्यावरच्या लांबी-रुंदीने हद्द ठरत नाही, मालकीही नाही. खरेदीखतातली चतुःसीमा बघायची आणि शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घ्यायची. मोजणीची नोटीस शेजाऱ्यांनाही जाते. त्या दिवशी घरातल्या बाईने स्वतः हजर राहावं, चहा करण्यापुरतं नव्हे. खुणा कुठे ठोकल्या ते डोळ्यांनी बघावं आणि नकाशाची 'क' प्रत मागून घ्यावी. मोजणी पटली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे निमताना मोजणी मागता येते.

जुन्या गावठाणात मात्र घराघराचे नकाशेच बहुतेक गावांत नव्हते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रकं द्यायला सुरुवात झाली. ड्रोन उडण्याआधी घरांच्या हद्दी चुन्याने आखतात. माणसं त्या वेळी शेतात. दारात कोण असतं? आपणच. रांगोळीची रेघ वाकडी गेली तर पुसून काढतो आपण, ही रेघ कुणी कुठून ओढली तेही बघायला नको का?

बांधकामाला ग्रामपंचायतीची परवानगी लागते आणि रस्त्याची जागा आत घेतली तर पंचायत ती काढू शकते. शिवाय पाया भिंतीपेक्षा रुंद असतो, म्हणून तोही आपल्याच हद्दीत बसला पाहिजे. गवंडी हे आपणहून सांगत नाही. सामाईक भिंत असेल तर खर्च कुणाचा, पाणी कुणीकडे, हे दोघांच्या सह्यांनी लिहून ठेवा. उंचीचा सोस मला तरी कळत नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत रस्त्याकडची भिंत दीड मीटरपर्यंत, वर जाळी ठेवली तर २.४ मीटरपर्यंत सांगितली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भिंतींनी काय केलं ते लातूर जिल्ह्याला कुणी सांगायला नको. आणि रात्री-बेरात्री हाक मारली तर ती शेजारणीला ऐकू तरी गेली पाहिजे ना!

घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी, असं शासनाने २००३ सालीच सांगितलंय. त्याला पैसा लागत नाही, लागतो तो घरात विषय काढायचा धीर. तो आपण हळदीकुंकवाच्या दिवशी का काढत नाही, कोण जाणे.

त्या ताईंची मोजणी झाली तेव्हा भिंत सव्वा फूट आत निघाली. पाडायला लावली असती, पण त्यांनीच नको म्हटलं. भिंतीतून पाण्याला पाइप काढून घेतला आणि जागा त्यांचीच असल्याचं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं. कागदावर सही करताना शेजारची म्हातारी म्हणाली, "आमचं पोरगं चुकलं बाई." ताई काही बोलल्या नाहीत. कागद मात्र डाळीच्या डब्यात न ठेवता त्यांनी बँकेच्या पासबुकात ठेवला.