सुटली, पण…

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझा धंदा ठाऊक आहे. मी मराठीची मास्तरीण. दर आठवड्याला एखादा शब्द पकडून आणायचा, त्याला चार प्रश्न विचारायचे आणि सोडून द्यायचे, एवढाच माझा उद्योग. दिवाळी अंक आहे, तेव्हा जरा भारदस्त शब्द घ्या, असे संपादकांनी सुचवले होते. मी घेतला आहे तो मात्र अगदी घरगुती, तीन अक्षरांचा : 'सुटली'.

रात्री-अपरात्री फोन वाजतो. घरातले वडील मनुष्य तो उचलते, ऐकते, आणि मागे वळून म्हणते, "सुटली! मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत." लगेच देवापुढे साखर ठेवली जाते. 'सुटली', 'मोकळी झाली', 'सुटका झाली' : बाळंतपणासाठी आपल्या भाषेने योजलेले हे शब्द किती जाणत्या बायकांच्या तोंडून आले असतील! सुईणीच्या हाती सारा हवाला होता, त्या काळी बाळंतपण हा खरोखरच बायकांचा पुनर्जन्म होता. त्यातून वाचणे ही सुटकाच. मीही आजवर या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला. तो विश्वास गेल्या फेब्रुवारीत डळमळला.

झाले असे, की आमच्या कॉलेजात प्राध्यापकांची आरोग्य तपासणी होती. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, पाच मिनिटे स्वस्थ बसवून पुन्हा पाहिला. १५२/९८.

"पेपर तपासून आले आहे ना, म्हणून असेल," मी म्हटले.

त्या हसल्या. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत तो मला कोणीच विचारला नव्हता.

"मॅडम, बाळंतपणात प्रेशर वाढलं होतं का हो तुमचं?"

"वाढलं होतं. पण ते तेव्हाच संपलं. मुलगी आता कॉलेजात जाते माझी."

"संपत नाही तसं ते," त्या म्हणाल्या. "जुने कागद असतील तर घेऊन या."

घरी येऊन मी माळ्यावर चढले. पत्र्याच्या ट्रंकेत, मुलीच्या पहिल्या टोपड्याखाली, २००७ सालचे ते कार्ड सापडले. रक्तदाब १७०/११०. लघवीत प्रथिने, तीन अधिक चिन्हे.

कार्ड हातात घेतले आणि ते दिवस जसेच्या तसे उभे राहिले. आठवा महिना होता. पावले सुजली होती, चपला होईनात. सासूबाई म्हणाल्या, "पहिलटकरणीचे पाय सुजायचेच." बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. तोंड सुजले, तर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "तेज आलंय हो चेहऱ्यावर!" मग एका संध्याकाळी डोके असे ठणकू लागले की दिवा नकोसा झाला. बरगडीखाली दुखू लागले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. हा वाक्प्रचार मी वर्गात शंभरदा शिकवला असेन. अनुभवाने त्या दिवशी शिकले.

दवाखान्यात नेले तेव्हा शिरेतून एक औषध सोडले. अंगभर ऊन ऊन वाटले. ते मॅग्नेशियम सल्फेट होते, हे पुढे कळले. बाळंतपणातले झटके थोपवणारे हे जुने, स्वस्त औषध. ३३ देशांतल्या १० हजारांहून अधिक स्त्रियांवर घेतलेल्या चाचणीचा निष्कर्ष २००२ साली आला : या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. या झटक्यांना डॉक्टर 'एक्लाम्प्सिया' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लखकन चमकणे. विजेसारखा अचानक येणारा, म्हणून. ग्रीकांची वीज आणि आमचे काजवे, दोन्हींची गाठ माझ्याच डोळ्यांपुढे पडायची होती!

पस्तिसाव्या आठवड्यात शस्त्रक्रिया करून मुलगी काढली. दोन किलोचीही नव्हती. यजमानांनी फोनवर सांगितले, "सुटली!" सहा आठवड्यांनी दाब उतरला, गोळ्या थांबल्या आणि कार्ड माळ्यावर गेले. 'दरवर्षी दाब तपासत जा' असे त्या दवाखान्यात कोणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. सुटलेल्या माणसाने मागे कशाला वळून पाहायचे?

पण आता वळणे भाग होते. मास्तरकीची खोड अशी, की एक गोष्ट कळली नाही तर झोप येत नाही. डॉक्टरीणबाईंना छळले, त्यांनी दिलेले लेख शब्दकोश घेऊन वाचले. त्यातले मला जे उमगले ते सांगते.

गर्भाला पोसते ती वार. गर्भाशयाच्या भिंतीत मळसूत्रासारख्या पीळदार, बारीक रक्तवाहिन्या असतात. गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत वारेतल्या पेशी या वाहिन्यांत शिरून त्यांच्या भिंती सैल करतात, गल्लीचा हमरस्ता करतात. मग रक्त संथ आणि भरपूर येते. काही जणींच्या बाबतीत हे रुंदीकरण अर्धवट राहते. गल्ली ती गल्लीच. वारेला पुरेसे रक्त मिळत नाही, आणि उपाशी वार आईच्या रक्तात भलतेसलते पदार्थ सोडू लागते.

जुन्या डॉक्टरांना याची शंका होती. १८४३ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात जॉन लीव्हर यांनी झटके आलेल्या गरोदर स्त्रियांच्या लघवीत प्रथिने असतात हे दाखवले. रक्तदाब मोजण्याचा दंडपट्टा १८९६ साली इटलीत रिव्हा-रोची यांनी काढला, तेव्हा कुठे दाबाचा पत्ता लागला. रक्तात काहीतरी विष असावे, अशा समजुतीने या दुखण्याला विषबाधेचेच नाव होते. विष काही सापडेना. अखेर २००३ साली बोस्टनमध्ये मूळचे भारतातले डॉ. अनंत करुमांची आणि त्यांचे सहकारी यांनी एक प्रथिन दाखवून दिले. त्याचे नाव रुक्ष आहे : एस-एफएलटी-१. रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला निरोगी ठेवणारी जी द्रव्ये असतात, ती हे प्रथिन टिपून घेते. अस्तर दुखावते, वाहिन्या आकसतात, दाब चढतो, मूत्रपिंड गळू लागते. लक्षणे दिसण्याच्या साधारण पाच आठवडे आधीपासून हे प्रथिन रक्तात वाढलेले असते, असे २००४ साली कळले. त्यावर आधारलेल्या रक्तचाचणीला २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यताही दिली.

म्हणजे हे दुखणे केवळ 'बाळंतपणातले' नव्हे. ते रक्तवाहिन्यांचे आहे. वार पडली की विषाचा झरा आटतो, म्हणून 'सुटली' हा शब्द निम्मा खरा. उरलेल्या निम्म्याचे काय? २००७ सालीच, म्हणजे मी कार्ड माळ्यावर टाकले त्याच वर्षी, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा छापून आला होता. ३४ लाखांवर स्त्रियांची माहिती त्यात एकत्र केली होती. गरोदरपणात हे दुखणे झालेल्या स्त्रियांना पुढे कायमचा रक्तदाब जडण्याचा धोका इतरांच्या पावणेचारपट. हृदयविकार आणि पक्षाघात यांचा साधारण दुप्पट. आणि तो म्हातारपणी नव्हे, दहा-पंधरा वर्षांतच दिसू लागतो. २०११ साली अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने स्त्रियांना हृदयविकार होण्याच्या कारणांत या दुखण्याची रीतसर नोंद केली.

वाहिन्या मुळात कमजोर म्हणून हे दुखणे होते, की दुखण्याने वाहिन्या कमजोर होतात? दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या असाव्यात, असे संशोधक म्हणतात. मी माझ्या पद्धतीने समजूत घातली. गरोदरपणात हृदयाला नेहमीपेक्षा पुष्कळच अधिक काम पडते. ती शरीराची सहामाही परीक्षा. मी त्या परीक्षेत नापास झाले होते आणि प्रगतिपुस्तक माळ्यावर लपवून बसले होते! सहामाहीत नापास झालेला विद्यार्थी वार्षिक परीक्षेत बुडालाच पाहिजे असे नाही. अभ्यासाला त्याला वेळ असतो. पण आपण नापास झालो आहोत, हे त्याला कळायला तर हवे?

माझा अभ्यास आता सुरू आहे. सकाळी एक गोळी, संध्याकाळी चालणे आणि लोणच्या-पापडाशी फारकत. दाब १२८/८२ वर आला आहे.

मार्चमध्ये धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचे वय सदतीस, लग्न उशिरा, पहिलीच खेप.

"ताई, बारावा आठवडा लागला. आईला अजून सांगू नकोस, मीच सांगेन."

आनंदाने माझा गळा दाटला आणि दुसऱ्याच क्षणी पोटात गोळा आला. सख्ख्या बहिणीला हे दुखणे झालेले असले तर धोका वाढतो, हे मी नुकतेच वाचले होते. त्याच संध्याकाळी कार्ड घेऊन तिच्याकडे गेले. ती रागावली. "अगं ताई, चांगल्या बातमीला असलं काय घेऊन आलीस!" त्या रात्री आम्ही दोघीही नीट जेवलो नाही.

पण दुसऱ्या दिवशी ते कार्ड घेऊन ती आपल्या डॉक्टरांकडे गेली. तिचे वय, पहिलटकरीण आणि बहिणीचा इतिहास पाहून त्यांनी तिला रोज रात्री थोड्या मात्रेची ॲस्पिरिनची गोळी सुरू केली. हे औषध शक्यतो सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केलेले बरे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, धोका अधिक असलेल्या स्त्रियांना १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले, तेव्हा सदतीस आठवड्यांच्या आत बाळंत करावे लागण्याइतके हे दुखणे शंभरात चौघींऐवजी दोघींहून कमी जणींना झाले. अर्थात ही गोळी ज्याने त्याने आपल्या मनाने घ्यायची नव्हे. ते डॉक्टरांचे काम.

कॅल्शियमही दिले आहे. भारत आणि टांझानियात प्रत्येकी ११ हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने २०२४ साली दाखवले, की हे दुखणे टाळण्याच्या कामी रोजचे ५०० मिलिग्रॅम हे १५०० च्या तोडीचेच. आई मात्र नाचणीच्या सत्त्वावर ठाम आहे. तेही चालू आहे.

हा मजकूर मी श्रावणात लिहीत आहे. बहिणीचा चौतिसावा आठवडा आहे. मी जिथे अडखळले, तिथे ती आता आली आहे. घरी दाब मोजायचे यंत्र आणले आहे. रोज सकाळी पाठ टेकून, पाच मिनिटे गप्प बसून ती मोजते आणि मला आकडा कळवते. आजचा ११८/७६. तो येईपर्यंत माझा चहा निवतो. तुमच्या हाती हा अंक पडेल तोवर ती सुटलेली असेल. त्यानंतरही यंत्र बंद होणार नाही, असे आम्ही ठरवले आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी दाब पुन्हा चढू शकतो. झटके त्यानंतरही येऊ शकतात. हे दुखणे झालेल्या २२० बायांवर ऑक्सफर्डमध्ये केलेला एक प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर ज्यांनी घरी रोज दाब मोजला आणि त्याप्रमाणे डॉक्टरांकडून औषध कमी-जास्त करून घेतले, त्यांचा खालचा दाब नऊ महिन्यांनंतरही इतरजणींपेक्षा पाच-सहा अंकांनी कमी होता. तेव्हा औषधे कधीच थांबली होती!

आपल्याकडे सव्वा महिना असतोच की. शेक-शेगडी, अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, बाळाला तेल, बाळाचे वजन. त्यात आईचा दाब मोजायला असे किती वेळ लागतो?

मैत्रिणींनो, आणि मैत्रिणींच्या यजमानांनो, सणासुदीचे माझे मागणे थोडे आहे. घरात कोणी गरोदर असेल तर प्रत्येक तपासणीला दाबाचा आकडा विचारून घ्या. १४०/९० किंवा वर गेला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. १६०/११० असेल तर गाडी काढा. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखालचे दुखणे, तोंडा-हातांची एकाएकी सूज यांना 'असायचंच' म्हणू नका. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंची सून गरोदर असेल, तर तिलाही सांगा, की दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात फुकट तपासणी होते. २०१६ पासून ही सोय आहे. आणि ज्यांचे बाळंतपण होऊन वर्षे लोटली, त्यांनी दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचे ते जुने कार्ड तेवढे खाली काढावे. त्यावर दाबाचा मोठा आकडा असेल, तर ते डॉक्टरांना दाखवावे आणि दरवर्षी एकदा पट्टा बांधून घ्यावा.

'सुटली' हा शब्द मला टाकायचा नाही. तो आपल्या आज्यापणज्यांनी जीव मुठीत धरून कमावला आहे. बहिणीच्या घरून फोन आला की मीच आधी मोठ्याने म्हणणार आहे, "सुटली!" देवापुढे साखर ठेवणार आहे. आणि मग लगेच विचारणार आहे, "बरं, दाब किती?"