नव्या खोक्यातला जुना फोन

बँकेत असताना ट्रॅक्टरच्या कर्जाचे प्रकरण आले, की एक काम मी दुसऱ्या कोणावर कधी सोपवले नाही. ट्रॅक्टर दारात उभा राहिला की खाली वाकून चेसिस नंबरवर कागद धरायचा, त्यावरून पेन्सिल फिरवायची आणि उमटलेला छाप फाइलला लावायचा. पँटला ग्रीस लागे, शेतकरी हसत. पण बिलातला ट्रॅक्टर आणि दारातला ट्रॅक्टर एकच आहे, याची खात्री पटायला दुसरा सोपा मार्ग नव्हता. हे सारे आज आठवायला कारण झाला एक मोबाइल फोन.

आमच्या घाटावरच्याच एका खेड्यातले परिचित गृहस्थ दिवाळीनंतर मुलीला घेऊन बुलढाण्याला माझ्याकडे आले. ‘‘साहेब, पोरीचा फोन निरा तापते. जरा पाहता का?’’ सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर त्यांनी तालुक्याच्या गावी १४,००० रुपये रोख मोजून तो घेतला होता. मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. घरात स्मार्टफोन हा एकच. म्हणजे तिचा अभ्यास, वडिलांची ई-पीक पाहणी, बँकेचा ओटीपी, सारे त्याच्याच जिवावर. आणि बॅटरी तर दुपारीच मान टाकायची. खोके मात्र कोरे करकरीत. पावती मागितली, तेव्हा एक चिठ्ठी पुढे आली : ‘मोबाइल १ नग’, खाली रक्कम आणि न वाचता येणारी सही. माझ्या काळी अशा चिठ्ठीवर बँकेने शेळीलासुद्धा कर्ज दिले नसते.

मोबाइललाही चेसिस नंबर असतो. त्याला आयएमईआय म्हणतात. फोन करायच्या जागी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की हे १५ आकडे पडद्यावर येतात. दोन सिमकार्डांच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. पहिल्या आठ आकड्यांत फोनची कंपनी आणि मॉडेल, पुढच्या सहांत त्या नगाची ओळख, आणि शेवटचा आकडा आधीच्या चौदांवरून हिशेबाने काढलेला, तपासणीपुरता. डेबिट कार्डावरच्या क्रमांकाचीही हीच रीत आहे. चोरीचे आणि बनावट फोन रोखण्यासाठी या क्रमांकांची केंद्रीय नोंदवही सरकारने सुरू केली ती सप्टेंबर २०१९ मध्ये, आणि पहिला मान महाराष्ट्र-गोव्याच्या पट्ट्याला मिळाला. मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’च्या रूपाने ती देशभर झाली. १४४२२ या क्रमांकावर इंग्रजी अक्षरांत ‘केवायएम’ लिहून, जागा सोडून, ते १५ आकडे पाठवले की फोन कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा, हे उत्तरात कळते. क्रमांक काळ्या यादीत आहे, दुबार आहे किंवा आधीच वापरात आहे असे उत्तर आले, तर तो फोन घेऊ नये.

दुबार म्हणजे किती दुबार? २०२० मध्ये मेरठच्या पोलिसांना एकाच आयएमईआय क्रमांकावर तेरा हजारांहून अधिक फोन चालत असल्याचे आढळले. त्याचा सुगावा लागला तो दुरुस्तीला देऊनही नीट न चालणाऱ्या एका पोलिसाच्याच फोनमुळे!

आमच्या मुलीने तिथेच बसून संदेश पाठवला. उत्तर निर्मळ आले. कंपनी तीच, मॉडेल तेच, आक्षेप काही नाही. वडिलांचा चेहरा खुलला. पण क्रमांक सांगतो तो वस्तूची ओळख. तिचे आयुष्य कसे गेले, ते सांगत नाही. इंजिन खोलून बसवलेल्या ट्रॅक्टरचा चेसिस नंबरही खराच असतो. म्हणून मग खोक्यावरचा क्रमांक ताडून पाहिला. शेवटचे पाच आकडे जुळेनात. कंपनीच्या संकेतस्थळावर फोनमधला क्रमांक घातला, तर वॉरंटी अकरा महिन्यांपूर्वीच सुरू झालेली! म्हणजे खोके एका फोनचे आणि आत दुसराच, कोणी तरी वर्षभर वापरलेला. (आयफोनवाल्यांचे काम थोडे सोपे आहे. सेटिंगमधल्या मॉडेल क्रमांकाचे पहिले अक्षर एम असेल तर नवा, एफ असेल तर कंपनीनेच दुरुस्त करून विकलेला, एन असेल तर बदली म्हणून दिलेला.)

दुरुस्त केलेला फोन वाईट असतो, असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपली निम्मी शेती जुन्या अवजारांवर चालते. २०१६ मध्ये ॲपल कंपनीने जुने आयफोन बाहेरून आणून, दुरुस्त करून भारतात विकायची परवानगी मागितली आणि सरकारने ती नाकारली. आपला देश परक्यांची उकिरड्याची जागा होऊ नये, हा त्यामागचा एक विचार होता. देशातल्या जुन्या फोनचा बाजार मात्र त्याने थांबला नाही, आणि थांबू नये. जुना म्हणून, जुन्याच्या भावात विकलेला फोन एखाद्या विद्यार्थ्याला पुष्कळ उपयोगाचा. गुन्हा आहे तो खोटे बोलण्यात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जुनी, दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे स्पष्ट लिहिले आहे. बिल न देणे हीसुद्धा त्याच यादीत आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवण्याची सोयही आहे.

मग फसतो कोण? हाच फोन हप्त्यांवर घेतला असता, तर कर्ज देणाऱ्या कंपनीने बिलावर ते १५ आकडे असल्याशिवाय दुकानदाराला सहसा पैसे सोडले नसते. तिचे पैसे अडकलेले असतात ना! मीही ट्रॅक्टरखाली वाकत होतो तो बँकेच्या पैशासाठी, शेतकऱ्याच्या नव्हे, हे आता कबूल करायला हरकत नाही. कर्ज काढणाऱ्याच्या वस्तूची तपासणी सावकार करतो. घाम गाळून, रोख मोजून घेणाऱ्याच्या वस्तूची कोणीच करत नाही. वर त्यानेच पक्के बिल मागितले, तर ‘काका, आमच्यावर विश्वास नाही का?’ हे ऐकायला तयार राहायचे. बिलावर जीएसटी लागेल ही भीती असते ती वेगळीच. छापील किमतीत सारे कर धरलेलेच असतात, हे किती जणांना ठाऊक आहे?

पुढच्या सोमवारी आम्ही तिघे त्या दुकानात गेलो. दुकानदार आधी हसला, मग चिडला, मग ‘माल मागूनच तसा आला’ म्हणाला. तेही कदाचित खरे असेल. पुरावा म्हणून आमच्याकडे ती चिठ्ठी, खोके आणि वॉरंटीची तारीख. कायद्यातला तो शब्द मी उच्चारला, तेव्हा त्याने मुलीकडे पाहिले. ती मोबाइलवर १९१५ दाबून तयार बसली होती.

तासाभराने त्याने दुसरा फोन काढला. वेष्टन आमच्यासमोर फोडले. वडील म्हणाले, ‘‘चाला आता, झालं.’’ मुलगी जागची हलली नाही. ‘‘आधी बिल करा, दादा,’’ म्हणाली. आणि पडद्यावरचा एकेक आकडा ती मोठ्याने वाचू लागली. दुकानदार लिहीत गेला. अकराव्या आकड्याला त्याने चूक केली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.